बार्बेक्यूची जाळी तारेच्या ब्रशने घासावी का? ब्रशची तार जाळीला चिकटलेली सापडली

यावल_कट्टा

राम राम मंडळी. यावरून घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतोय.

आमचं शेत यावल तालुक्यात. चंपाषष्ठी झाली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, आत्या, मामा, चुलतभाऊ धरून सगळा गोतावळा जमतो. वांगी आम्ही तुराट्यांच्या जाळावरच भाजतो, त्यात काही बदल नाही. पण पोरांनी कोळशाची बार्बेक्यू शेगडी आणलीय, तिच्यावर पनीर, चिकन, मक्याची कणसं, ठेच्याच्या मिरच्या असं चालू असतं आणि माणसं वाढली की जादाची वांगीही त्याच जाळीवर टाकतात. शेगडीसोबत साफ करायचा ब्रश आला होता, एका बाजूला बारीक तारा आणि टोकाला खरडायची पट्टी.

परवा जाळी धुताना पुतणीला दोन सळया जोडल्यात तिथे एक तार दिसली, अर्ध्या पेराएवढी असेल, काळ्या तेलकट थरात रुतलेली, ओढायला गेली तर बोटात घुसली. मग ब्रश नीट बघितला तर मधल्या ओळी विरळ झालेल्या, म्हणजे त्या तारा कुठेतरी गेल्याच ना.

मोठे भाऊ म्हणतात पेटत्या कोळशावर जाळी ठेवली की काय राहिलं असेल ते जळून जातं. वहिनी म्हणतात तार कशी जळेल. मला विचारायचंय की खरंच एवढा धोका आहे का, जाळीवरून लोहचुंबक फिरवला तर तारा निघतील का, आणि ब्रश नाही वापरायचा तर ही चिकट काजळी काढायची कशाने? पार्टीला लहान पोरं असतात म्हणून जास्त काळजी वाटते.

सिस्टर_धुळे

भाऊ, वहिनींचं बरोबर आहे. कोळशाच्या आचेत स्टीलची तार जळून नाहीशी होत नाही, तिच्याभोवतीची चरबी जळते आणि तार मोकळी होऊन पुढच्या पनीरला चिकटते.

मी नाक-कान-घशाच्या ओपीडीत काम केलंय. आपल्याकडे घशात अडकणाऱ्या वस्तू म्हणजे माशाचा काटा, मटणाचं हाड, लहान मुलांचं नाणं. ब्रशच्या तारेचे पेशंट मुख्यतः अमेरिका-कॅनडात दिसतात कारण तिकडे घरोघरी ग्रिल असते, पण घसा तर सगळ्यांचा सारखाच. रोड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात असे सहा पेशंट आले होते आणि तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१२ साली त्याची नोंद छापली. कुणाच्या मानेतल्या मऊ भागात तार घुसून गिळताना भयंकर दुखत होतं, तर कुणाच्या आतड्याला भोक पडून तातडीने ऑपरेशन करावं लागलं. नंतर मिसुरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००२ ते २०१४ मधल्या इमर्जन्सीच्या नोंदींवरून अंदाज काढला, तो होता साधारण १,६९८ जखमांचा. त्यात तोंड आणि घसा हे सगळ्यात जास्त.

ही तार खाताना कळत नाही हे लक्षात घ्या. हाड दाताखाली येतं, काटा जिभेला लागतो. ही तार केसासारखी बारीक, घासात गेली की सरळ जिभेचं मूळ, टॉन्सिल नाहीतर घशाच्या बाजूला टोचते. आणि भरताच्या बाबतीत मला जास्त भीती वाटते, कारण वांगं जाळीवरून काढून साल सोललं तरी गराला चिकटलेली तार आपण बडगीत घालून ठेचतो. पनीरच्या तुकड्यावर निदान दिसेल, ठेचलेल्या भरतात कांद्याची पात, शेंगदाणे, मिरची यात ती कोणाला दिसणार?

आता महत्त्वाचं. जेवताना किंवा जेवल्यावर घशात एका ठिकाणी टोचतंय, गिळताना तिथेच दुखतंय असं झालं तर आपल्याकडचा नेहमीचा उपाय, म्हणजे केळं खा, कोरड्या भाताचा गोळा गिळ, हा अजिबात करू नका. जळगावात केळं तर हाताशीच असतं, पण त्या दाबाने तार आणखी खोल जाते. उलटी काढू नका, बोटं घालू नका. खाणं थांबवा आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा, तिथे आपणहून सांगा की तारेच्या ब्रशने घासलेल्या जाळीवरचं खाल्लंय. हे सांगितलं नाही तर डॉक्टरच्या मनात येणारच नाही, घसा वरून बघून सूज आहे म्हणून गोळ्या देतील. एक्स-रेत दिसू शकते, बारीक असली तर सीटी स्कॅनमध्ये जास्त नीट कळतं. एमआरआय मात्र आत धातू असण्याची शंका असेल तर आधी सांगायलाच हवं, कारण तिथलं चुंबक तार हलवू शकतं. आणि त्या जेवणानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी पोटात टोचल्यासारखं दुखून वाढतच गेलं, ताप आला, तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका.

भुसावळ_लोको

सिस्टर, माहितीबद्दल आभार, पण मला हे थोडं जास्त वाटतंय. अमेरिकेएवढ्या देशात तेरा वर्षांत १,७०० म्हणजे किती कमी झालं? आपण तवा, कढई लहानपणापासून तारेच्या घासणीने घासतोय, कुणाला काही झालेलं मी तरी बघितलं नाही. ब्रश चांगल्या क्वालिटीचा घ्या आणि दरवर्षी बदला.

सिस्टर_धुळे

लोको भाऊ, कमी आहे हे मान्य, आणि कुणी घाबरून पार्टी बंद करावी असं माझं म्हणणंच नाही. पण तो आकडा फक्त इमर्जन्सीत पोचलेल्यांचा अंदाज आहे, साध्या दवाखान्यात गेलेले त्यात नाहीत. आणि धोका घेऊन मिळतंय काय? तेच काम लाकडाच्या पट्टीने होतं. घासणीचं म्हणाल तर कढई आपण घासल्यावर पाण्याखाली खळखळून धुतो, आतून गुळगुळीत असते, तार अडकायला जागाच नसते. जाळीला पन्नास जोड, त्यात चिकट थर, आणि ती बहुतेक जण धुतही नाहीत, घासली की लगेच माल ठेवतात. महागड्या ब्रशच्या ताराही वापरून आणि तापून सैल होतातच.

लोखंडकाम

माझं ग्रिल-गेट फॅब्रिकेशनचं काम आहे म्हणून चुंबकाचं सांगतो. त्यावर विसंबू नका भाऊ. ब्रशची तार साध्या लोखंडाची किंवा पितळेचा मुलामा दिलेली असेल तर चिकटेल. अस्सल पितळेची असेल तर चिकटणार नाही, आणि ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची असेल तर चिकटली तर चिकटली, तीही एकदम हलकी. वर ती काजळीत रुतलेली असेल तर चुंबकाने उपटून निघणार नाही. चुंबक फिरवून काही मिळालं नाही म्हणजे जाळी साफ, असं होत नाही.

त्यापेक्षा जुनं पांढरं सुती कापड ओलं करून घट्ट पिळा, चिमट्यात धरा आणि गार जाळीवर दोन्ही बाजूंनी फिरवा, आडवं आणि उभं. तार असली की कापड अडकतं, धागा ओढला जातो. उन्हात धरून जोड बघा. हातमोजा घालून करा.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगतोच, कारण हे आपल्याकडे फार चाललंय. शेतात पार्टीला लोक हार्डवेअरच्या दुकानातून कंपाउंडची जीआय जाळी मीटरवर कापून आणतात आणि तीच कोळशावर टाकतात. ती चकचकीत दिसते ते जस्ताच्या मुलाम्यामुळे. जस्त ४१९ डिग्रीला वितळतं आणि पेटलेला कोळसा त्याच्या बराच वर जातो. त्यातून पांढरा धूर निघाला आणि नाकात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, आम्ही वेल्डिंगवाले हा ताप चांगला ओळखतो. लिंबू-दही लावलेला माल त्यावर ठेवला तर आंबट रसात जस्त उतरतं ते वेगळंच. घासायची वगैरे गोष्टच नको, ती जाळी जेवणाला लावूच नका. स्वस्त शेगडीसोबत येणारी पातळ चमकदार जाळी बहुतेक क्रोम किंवा निकेलच्या मुलाम्याची असते, ती तारेच्या ब्रशने घासली की मुलामा निघतो, पोपडे सुटतात, खालचं लोखंड गंजतं. पोपडे दिसले की जाळी भंगारात द्या.

तुराटी

कट्टा दादा, मी असोद्याची. आमच्याकडे हिवाळाभर भाजणं चालूच असतं, शेगडीची जाळी कशी साफ करतो ते लिहिते.

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे माल उतरवल्या उतरवल्या. निखारे अजून धगधगत असतात, जाळी तशीच १०-१५ मिनिटं रिकामी ठेवायची, चिकटलेलं सगळं कोरडं होऊन कडक होतं. मग निखारे थोडे बसले की सागाची किंवा बाभळीची जाड पट्टी घेऊन सळयांवर जोर देऊन खरडायचं. पट्टी कोरी पाहिजे, रंग, पॉलिश, प्लायवूड काही चालणार नाही. गरम सळयांनी पट्टीच्या धारेला आपोआप खाचा पडतात आणि नंतर ती त्याच जाळीला बरोब्बर बसते, बाजूची काजळीही निघते. लांब दांडा हवा, हात जाळावर जायला नको, आणि सुती कपडे घाला, सिंथेटिक साडीचा पदर तर नकोच.

अर्धा कांदा काट्याला लावून घासतात, ते मीही करते, पण जुना थर त्याने निघत नाही, शेवटचा हात म्हणून चांगलं आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा चिमट्यात धरूनही चालतो, फक्त मुलाम्याच्या जाळीवर हलक्या हाताने, आणि फॉइलचे तुकडे राहिलेत का बघून पुसून घ्यायचं.

जुनी जाड काजळी असेल तर जाळी पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड आणि खायचा सोडा घालून त्यात गोणपाट भिजवायचं, जाळी त्यात गुंडाळून वरून प्लास्टिकचा कागद लपेटून रात्रभर ठेवायची. एवढी मोठी जाळी बुडेल असं घमेलं कुठे असतं, म्हणून हे. सकाळी नारळाच्या शेंडीने घासायची. काथ्याचा धागा राहिला तरी पाण्याने जातो, नाही गेला तर विस्तवावर जळून जातो. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, लगेच कोरडी करा, उन्हात ठेवा आणि शेंगदाण्याच्या तेलाचा हलका हात फिरवा, बिडाची जाळी असेल तर तेलाशिवाय ठेवूच नका.

तापलेल्या बिडाच्या जाळीवर गार पाणी ओतू नका, तडा जातो. कॉस्टिक सोडा किंवा संडासाचं ॲसिड वापरणारे लोक बघितलेत मी, कृपा करून ते जेवणाच्या वस्तूला लावू नका.

आणि राखेचं सांगते. वरून पांढरी दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. खळ्यात कडबा, कुटाराची गंजी, वाळलेली कपाशी सगळं जवळच असतं. राख उकिरड्यावर टाकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, पाणी घालून ढवळा, मग दोन दिवसांनी टाका. पावसाचं किंवा थंडीचं म्हणून शेगडी शेडमध्ये, खोलीत ओढून घेऊ नका, कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही.

भुसावळ_लोको

ताई, गोणपाटाचं भारी आहे, करून बघतो. सिस्टर, कढईचा मुद्दा पटला. पण एक राहिलं, माझ्याकडे ब्रश नवाच आहे, फेकून देऊ का?

लोखंडकाम

जेवणाच्या जाळीसाठी ठेवू नका. गेटचा गंज काढायला वापरा, रंग मारायच्या आधी एकदम उपयोगी. फक्त शेगडीजवळ राहू देऊ नका, नाहीतर पाहुण्यांपैकी कुणीतरी उचलून मदत म्हणून जाळीच घासायला घेईल.

यावल_कट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं, ब्रश आता गोठ्याच्या गेटसाठी गेला. सध्याच्या जाळीचा मुलामा दोन ठिकाणी निघालाय, म्हणून नवीन करून घ्यायचं चाललंय. लोखंडकाम भाऊ, तुमच्यासारख्या फॅब्रिकेटरकडे गेलो तर नक्की काय मागू? शेगडी साधारण दीड फूट बाय एक फूट आहे.

लोखंडकाम

३०४ ग्रेडच्या गोल सळया मागा, ६ किंवा ८ एमएम, भरीव. पाइप नको, आत पाणी-तेल शिरतं. विणलेली जाळी घेऊच नका, सगळ्या सळया एकाच दिशेने आणि फक्त दोन टोकांना आडवी पट्टी, म्हणजे मधे जोडच नाहीत, लाकडी पट्टी सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते. दोन सळयांत १२-१५ एमएम अंतर ठेवा, मिरची आडवी ठेवली तर खाली पडत नाही. वेल्डिंग खालच्या बाजूने आणि ग्राइंड करून गुळगुळीत घ्या, बोट फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजूला उचलायला दोन कड्या लावून घ्या. नवीन आली की साबणाने धुवून एकदा रिकामीच तापवा, पॉलिशचं तेल असतं ते जाऊ द्या, मगच वांगी ठेवा.