मदत हवी आहे : ब्रह्मदेशातून चालत आलेले आजोबा

आमचे आजोबा १९४२ साली ब्रह्मदेशातून चालत आले, घरात एवढंच माहीत. २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर बॉम्ब पडले, मार्चमध्ये जपान्यांनी शहर घेतलं, लाखो भारतीय तामू-इंफाळच्या नाहीतर आराकानच्या वाटेनं निघाले, हे सगळं मी मागाहून वाचलं. आजोबा विषय निघाला की उठून अंगणात जायचे. आजी तर त्याहून घट्ट.

परवा त्यांच्या ट्रंकेत लहान बाळाचं चांदीचं वाळं सापडलं. एकच. आत्या बघून म्हणाली, "नको उकरूस."

या निर्वासितांच्या नावानिशी नोंदी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात का? कुणी शोधल्यात? अर्ज कसा करायचा? आणि आत्याला पुन्हा विचारू की राहू दे?