मदत हवी आहे : राजासॉरससमोर .३७५ टिकेल का?

विज्ञानकथा लिहितोय. १९३५ सालचा चांद्याकडचा (आताचं चंद्रपूर) एक शिकारी कालयंत्रातून सुमारे ६.७ कोटी वर्षं मागे, त्याच मुलखात उतरतो. समोर आयसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर चरतोय (त्याचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचेच) आणि त्याच्या मागावर राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर. हा खरं तर गुजरातेतल्या राहिओलीचा, पण तेवढी सूट लेखकाला द्या.

कथा अडलीय बंदुकीवर. गड्याकडे .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम रायफल आहे. काडतूस १९१२ चं, म्हणजे काळात बसतं. ३०० ग्रेनची (साधारण १९ ग्रॅम) गोळी, ऊर्जा साधारण ५,८०० ज्यूल. वाघाला भरपूर, गव्यालाही पुरे. पण सात-आठ मीटर लांबीचं हे धूड? मित्र म्हणतो, .६०० नायट्रो एक्स्प्रेस दे. ९०० ग्रेन, १०,००० ज्यूलच्या वर. पण ती दुनळी सातेक किलोची, आणि दोन बार काढले की पुन्हा भरेपर्यंत जनावर अंगावर. माझा माणूस पन्नाशीचा, काटकुळा, आणि त्याला दिवसभर चालवायचंय. काय करू?

लेझर, प्लाझ्मा वगैरे कृपया सुचवू नका.

प्रतिसाद १
.३७५ च ठेवा. नुसत्या ज्यूलवर जाऊ नका, गोळी किती आत शिरते ते महत्त्वाचं. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी कारामोजो बेल, त्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ सारख्या किरकोळ बोअरच्या (बारीक नळीच्या) रायफलीने. हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने पाहून ठेवलं होतं. राजासॉरसचाही मेंदूभोवतीचा कवटीचा भाग सापडलाय. २००३ साली त्याचं नामकरण झालं तेव्हा त्याचं वर्णनही आलं. म्हणजे नेम कुठे धरायचा हे तुम्हाला कळू शकतं, १९३५ च्या शिकाऱ्याला नाही. तो सवयीने वाघासारखा खांद्यामागे बार टाकणार. हृदयात बसला तरी एवढं जनावर जागेवर कोसळेलच असं नाही, काही सेकंद तरी धावेल. शिवाय या कुळातल्या प्राण्यांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे थोडा वर लागलेला बार वायाही जाऊ शकतो.

आणि गोळी सॉलिड हवी, म्हणजे आत न फुलणारी, कठीण. मऊ टोकाची वरच्या मांसातच फुलून बसेल.

धागाकर्ता
हे बेस्ट! पण सॉलिड त्याच्याकडे असतील का? वाघाला तर मऊ टोकाचीच वापरायचे ना?

प्रतिसाद १
गव्यासाठी चार-पाच बाळगतोच की. फक्त त्या क्षणी त्या मॅगझिनमध्ये आहेत की पट्ट्यात, हे तुम्ही ठरवा.