मदत हवी आहे: मोहरीतल्या डब्ल्यूआरकेवाय जनुकांच्या प्रती कशा वेगळ्या करायच्या?

नमस्कार मंडळी. मोहरीच्या, म्हणजे ब्रासिका जुन्सियाच्या, संपूर्ण जीनोममधून डब्ल्यूआरकेवाय कुळातली (इतर जनुकांचं काम नियंत्रित करणारी प्रथिनं बनवणारी) जनुकं शोधते आहे. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या, संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपामध्येच ती ७० हून जास्त. त्यात ब्रासिका वंशात जीनोम तिप्पट झालेला आणि मोहरीत ए व बी असे दोन उपजीनोम (दोन पूर्वज जातींकडून आलेले जनुकसंच). साहजिकच एकेका जनुकाच्या कितीतरी प्रती निघतात. दोन उपजीनोममधल्या जोड्या कोणत्या आणि शेजारी-शेजारी दुप्पट झालेली जनुकं कोणती, हे एमसीस्कॅनएक्स या जनुकांचे क्रम ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून ठरवावं, की केएस मूल्यंही (प्रथिन न बदलणाऱ्या डीएनए-बदलांचं प्रमाण, ज्यावरून प्रती कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज येतो) काढावीत?

शिवाय काही प्रथिनांत डब्ल्यूआरकेवायजीक्यूके या ठरावीक अमिनो आम्लांच्या क्रमाच्या जागी डब्ल्यूआरकेवायजीकेके आहे. ती मी ठेवणारच. पण झिंक फिंगर (प्रथिनाचा जस्ताला बांधलेला भाग) अर्धवट असलेली गाळावीत का? तिथे जनुकाची सीमाच चुकीची आखली गेली असावी, अशी दाट शंका आहे. आरएनए-सेकवरून (पेशीतल्या आरएनएचा क्रम वाचून) ती सीमा तपासलेल्या कुणी कृपया सविस्तर सांगावं.