वाकळंचा गोट लावताना लाटा येतात, कोपरे जाड होतात. सोपी पद्धत आहे का?

निपाणीची वैनी

नमस्कार मंडळी. लेक बाळंतपणाला येणार म्हणून उन्हाळ्यात वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, शिवायला घेतली. ५ बाय ७ फूट. आत आईचं नववारी लुगडं, सासूबाईंची एक साडी, आमच्या ह्यांचं जुनं धोतर. धावदोरे सगळे हातानं घातले, दीड महिना गेला. अडलंय ते गोटावर, म्हणजे कडेनं फिरवायच्या पट्टीवर.

लाल पॉपलीन आणून अडीच इंची पट्ट्या फाडल्या, दुहेरी दुमडून पायमशीनवर लावायला घेतल्या. एक बाजू झाली नि बघते तर वाळलेल्या भाकरीसारखी कड उचललेली. कोपऱ्यावर सुई मोडली, दुसरी घातली, तीही मोडली. आणि उलट बाजूनं हातशिलाई करायची म्हटलं तर अंगठ्याच्या सांध्यात कळ येते. वय ५८, आणि घेर २४ फूट!

शेजारची कन्नड काकू (वाकळंला ती कौदी म्हणते) सांगते, कौदीला गोट कशाला, कड आत दुमड आणि दोरा मार. पण आमच्या आईच्या सगळ्या वाकळांना लाल गोट असायचा, मला तोच पाहिजे. मृग लागायच्या आत धुऊन वाळवायची आहे, नाहीतर मग वाळत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

वडगावचा टेलर

वैनी, सुई १४ ची असणार. १८ ची लावा, निदान १६ ची.

लाटांचं म्हणाल तर मशीनचे दात खालचा थर भराभर पुढं नेतात आणि वरची पट्टी पायाखाली अडते. ती अडली की आपण हातानं ओढून सरळ करतो. टीप पडल्यावर ताणलेली पट्टी आखडते आणि वाकळ गोळा होते. म्हणून पायाच्या दांडीवरचा स्क्रू थोडा सैल करा, टाका मोठा ठेवा आणि पट्टी अजिबात ओढू नका. त्याआधी वाकळंच्या चारी कडांना कच्चा टाका घाला, म्हणजे आतले थर सरकत नाहीत.

अंगठ्याला त्रास द्यायचं कारणच नाही. सगळे आधी पुढून लावतात आणि मागं हातानं शिवतात. तुम्ही उलटं करा. पट्टी आधी पाठीमागून लावा, पुढं वळवा आणि पुढच्या बाजूनं कडेला टीप मारा. पुढची टीप डोळ्यांसमोर असते, ती वाकडी जात नाही. मागं थोडी इकडंतिकडं झाली तर कोण बघतंय?

कोपऱ्यावर, शिवण जेवढी आत घेताय तेवढं अंतर अलीकडंच थांबायचं. पट्टी तिरकी वर दुमडायची, मग सरळ खाली आणून पुढची बाजू सुरू करायची. सुरुवात मात्र बाजूच्या मधूनच करा, कोपऱ्यापासून नको.

आणि ते लाल पॉपलीन आधी भिजवलंत का? नसेल तर तिथंच थांबा. रंग उतरला तर धोतर गुलाबी होईल.

संकेश्वरहून

टाचण्या टोचत बसू नका. गव्हाच्या पिठाची खळ करा, बोटानं कडेला पातळ लावा, पट्टी वळवून इस्त्री फिरवा. वाळली की हलत नाही. पण धुतल्याशिवाय पेटीत ठेवायची नाही, उंदीर लागतात.

खानापूरची अक्का

पॉपलीन कशाला गे? लुगडं आत घालताना त्याचे काठ काढलेस का तसेच घातलेस? काढले असतील तर तोच तुझा गोट.

हिशोब बघ. ९ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तुझा घेर २४ फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या आत. एक काठ अख्ख्या वाकळंला पुरतो, मधे कुठं जोड नाही. शिवाय काठाची बाहेरची कड विणलेलीच असते, ती आत दुमडावी लागत नाही. फाडलेली बाजू पाठीला शिव, विणलेली बाजू पुढं वळव आणि वर टीप मार. दुहेरी पट्टीच गेली, म्हणजे कोपऱ्यावरचे थरही कमी. लुगडं मधे विरतं, काठ शाबूत राहतो. फक्त धरून ताणून बघ, तटतट तुटला तर घेऊ नको.

तुझी शेजारीणही चुकीचं सांगत नाही. आमच्या तालुक्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतल्या समाजाच्या) बायका कवांद, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, ती कडेपासून सुरू करून आत आत मधापर्यंत शिवत जातात. कडा तिथंच दुमडून होतात, वेगळा गोट नाहीच. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. आपण कोपरा पातळ करायला धडपडतो, त्या मुद्दाम जाड करून सजवतात.

निपाणीची वैनी

काठ काढून ठेवले होते की! पिशव्यांचे बंद करायला म्हणून. अक्का, तुझं वाचलं आणि माळ्यावरची आईची वाकळ खाली काढली. इतकी वर्षं मी लाल पट्टी म्हणत होते, तो लुगड्याचा काठच निघाला. चारी बाजू फिरून बघितल्या, जोड एकच, पायथ्याला.

पॉपलीन उसवलं. बादलीत टाकलं तर पाणी लालभडक, टेलरभाऊंचं खरं निघालं. काल १८ ची सुई घालून काठ पाठीमागून लावला, आज खळ लावून पुढं वळवला आणि टीप मारली. लाटा नाहीत. तीन कोपरे बसले, चौथ्याला घडी उलटी पडली, तो उसवायचाय. लेक शनिवारी येतेय.