मदत हवी आहे: पुतणीची ऑस्ट्रियातली ट्रायथलॉन, सायकल न्यायची कशी?

नमस्कार मंडळी, आम्ही साताऱ्याचे. माझी पुतणी ऑगस्टअखेर ऑस्ट्रियात झेल आम झे इथे आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन करणार आहे. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी पळणं. चढाची तिला भीती नाही, यवतेश्वरचा घाट रोजचाच. आमची झोप उडवलीय ती सायकलनं.

बाइक बॉक्स, म्हणजे विमानात सायकल न्यायची पेटी, पुण्यात किंवा साताऱ्यात भाड्यानं मिळतो का? विकत घेऊन एकदाच वापरायचा म्हणजे जिवावर येतं. हार्ड केस घ्यावी की पुठ्ठ्याचं खोकं चालतं? पेडल, हँडलबार आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून बांधायचं एवढं कळलंय, पण डिस्क ब्रेकचे रोटर (चाकावरच्या पातळ चकत्या) वाकू नयेत म्हणून तुम्ही काय करता? पंक्चर काढल्यावर हवा भरायच्या सीओटू कार्ट्रिज (गॅसच्या छोट्या नळ्या) विमानात नेऊ देतात का, की तिकडेच घ्यायच्या?

दुसरं, पोहणं तिथल्या तळ्यात आहे. पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) चालतो, पण हिनं तो कधी अंगातही घातलेला नाही. कण्हेर धरणात सराव करते म्हणते, एकटीला मी सोडणार नाही. सोबत पोहणारं, शक्यतो होडीसह, कुणी आहे का?

तिकडे वाहनं उजव्या बाजूनं चालतात, ओव्हरटेक डावीकडून. सवय कशी लावलीत तेही सांगा. शेंगेन व्हिसाचं काम सुरू आहे, त्यावर सल्ला नको, घरात सल्लागार भरपूर आहेत.