मदत हवी आहे: विशेष विवाह कायदा, केनियाचा नवरा आणि बहिणीचा जमिनीतला हिस्सा

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय. लांब झालाय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. जाणकारांनी लवकर सांगितलं तर फार बरं होईल, कारण घरात सहीचा विषय निघालाय.

आम्ही नाशिकचे, घर गंगापूर रोडला. निफाड तालुक्यात आजोबांच्या वेळची साडेचार एकर द्राक्षबाग आहे, सातबाऱ्यावर बाबा आणि काका दोघांची सामाईक नावं. माझी धाकटी बहीण (वय २९) विशेष विवाह कायद्याखाली (धर्म न बदलता, नोंदणीने) लग्न करतेय. मुलगा केनियाचा, ख्रिश्चन, पुण्यात पीएचडी करतो. चार वर्षं आमच्याकडे येतोय, आईकडे बाजरीची भाकरी मागून खातो, मला ताई म्हणतो. आईबाबांचा होकार आहे.

लग्नाआधी द्यायच्या नोटिशीचं समजलंय. दोघांपैकी एक जण आधीचे ३० दिवस जिल्ह्यात राहत असला की अर्ज घेतात, म्हणून नाशिकलाच द्यायची. मग ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागते आणि ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतं, अर्थात फक्त कलम ४ च्या अटींवर: आधीचं लग्न, वय, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. रंगावरून किंवा धर्मावरून हरकत चालत नाही. पण फलकावरच्या कागदाचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरायला किती वेळ लागतो! त्याला भाड्याने फ्लॅट बघताना एका सोसायटीत "आमच्याकडे हबशी नको" हे आम्ही समोरासमोर ऐकलंय. तेव्हा तो माझ्याकडे बघून "ताई, चला" एवढंच म्हणाला.

आता मूळ प्रश्न. गेल्या रविवारी काका टाइप करून आणलेलं हक्कसोडपत्र घेऊन आले. स्टॅम्पपेपर तयार, फक्त बहिणीची सही बाकी. सोबत कायद्याची झेरॉक्स, त्यात कलम १९ खाली लाल पेनाने रेघ मारलेली. एकत्र कुटुंबातल्या हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं की ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात. काका म्हणाले, "कायद्यानेच तिला बाहेर काढलंय, मी फक्त कागद केलाय."

बहिणीने झेरॉक्स शांतपणे वाचली, उलटून मागची बाजूही वाचली. मग विचारलं, "काका, दादाने २०१६ ला कुठल्या कायद्याखाली लग्न केलं?" दादा म्हणजे काकांचा मुलगा. वहिनी वसईच्या ख्रिश्चन. कायदा हाच, कलमही हेच, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद कुठेही नाही. दादाकडे कोणी सही मागितली नव्हती. काका चहा न घेताच उठले. कागद टीपॉयवर तसाच राहिला.

तेव्हापासून मी रात्री बसून वाचतेय. मुलगी लग्न करून परक्याची होते हा समज नागरिकत्वाच्या कायद्यातही होता, हे मला माहीत नव्हतं. १९५५ च्या कायद्यात लग्नाच्या नात्यावर नोंदणीने नागरिकत्व मागायची सोय फक्त भारतीयांच्या बायकांना होती, नवऱ्यांना नाही. १९८६ च्या दुरुस्तीत 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आलं. परदेशात जन्मलेल्या बाळाला आईच्या नात्याने नागरिकत्व मिळायला तर १९९२ उजाडलं. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. ते म्हणाले, १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत केपच्या कोर्टाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली, नोंदणी नसलेली लग्नं अमान्य ठरवली, म्हणजे आपल्या बायका एका निकालात बायका राहिल्या नाहीत. म्हणून कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या.

अजून एक. लग्नाला तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक बहिणीची जिवलग मैत्रीण. ती सात वर्षं तिच्या जोडीदारणीबरोबर राहतेय. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो प्रश्न संसदेवर सोडला. कलम ४ आमच्या टेबलावर उघडं होतं, त्यात पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ असं वय दिलंय. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या जोडीदारणीला आयसीयूत भेटायचं तर मी कोण म्हणून सांगू?" मला उत्तर सुचलं नाही.

तर कृपया सांगा: कलम १९ मुळे बहिणीचा हिस्सा खरंच जातो का? आणि त्याचा विद्यार्थी व्हिसा मे महिन्यात संपतोय, लग्नानंतर पुढे काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी हे सांगतो: सही करू नका. कलम १९ ने एकत्र कुटुंब सुटतं, हिस्सा सुटत नाही. विभक्त धरणं म्हणजे वाटणी झाल्यासारखं, तिचा वाटा तिचाच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार आहे. वारसाहक्क कायम ठेवणारं कलम २० त्याच झेरॉक्सच्या पुढच्या ओळींत असेल, काकांना दाखवा. मात्र नवरा हिंदू नसल्याने तिच्या स्वतःच्या मालमत्तेला पुढे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागेल, म्हणून मृत्युपत्र करून ठेवा. लग्नाचं प्रमाणपत्र मिळालं की ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) एक्स व्हिसासाठी, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज करा. नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय (परदेशी नागरिकत्व ठेवून भारतात दीर्घकाळ राहता येणारं कार्ड) मागता येतं. नागरिकत्वाला सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि केनियाचं सोडावं लागतं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. झेरॉक्स काढून बघितली, कलम २० त्याच पानावर आहे, फक्त रेघ नाही. बाबांनी हक्कसोडपत्र कपाटात ठेवलंय, सोमवारी नोटीस द्यायला जातोय. त्याच्या अविवाहित असल्याचा दाखला दिल्लीच्या उच्चायुक्तालयातून यायचाय. कोणी आणला असेल तर किती दिवस लागले, तेवढं कळवा.