नैराश्यात नवीन काही सुरू करायचं, पण इच्छाच होत नसेल तर?

कोरी_पाटी
मध्यम स्वरूपाचं नैराश्य आहे, औषध सुरू होऊन पाच आठवडे झालेत. डॉक्टर आणि समुपदेशक दोघंही एकच सांगतात: रोजच्यापेक्षा वेगळं काहीतरी करायला घ्या. यादी तयार आहे. चित्रकला, पोहणं, बासरी, एखादी नवी भाषा. पण यातलं काहीच करावंसं वाटत नाही. इच्छाच मेलेली असताना सुरुवात कशी करायची? आधी काय घ्यावं, किती वेळ करावं, आणि उपयोग होतोय हे कशावरून ओळखायचं? 'मन रमवा, होईल सगळं ठीक' छापाची उत्तरं कृपया नकोत.

वहीपेन्सिल (मानसशास्त्रज्ञ)
इच्छेची वाट पाहायची नाही, हाच या उपचाराचा पाया आहे. याला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. १९७०च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी केलेली मांडणी साधी आहे: माणूस खचला की त्याचं फिरणं, भेटणं, हातानं काही करणं कमी होतं. ते कमी झालं की त्यातून मिळणारं समाधान आटतं, आणि तो आणखी खचतो. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडायचं. २०१६ साली इंग्लंडमधल्या ४४० रुग्णांच्या 'कोब्रा' चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात ही पद्धत सीबीटीच्या (विचारांच्या सवयी बदलणाऱ्या प्रचलित मानसोपचाराच्या) तोडीस तोड ठरली, आणि ती राबवणारे कनिष्ठ आरोग्य कर्मचारी होते. म्हणजे पद्धत सोपी आहे. अवघड आहे ते रोज करणं.

पहिला आठवडा नवीन काहीच करू नका, फक्त वही लिहा. दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, मूड किती (० ते १०), आनंद किती, आणि 'जमलं' किती. शेवटचे दोन अंक वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. कपाट आवरताना आनंद शून्य असतो, पण 'जमलं' पाच असू शकतं. नैराश्यात बहुतेकदा आधी हा दुसरा अंक हलतो. एकच अंक लिहिणारा माणूस 'काहीच फरक नाही' म्हणून वही बंद करतो.

'दिवसभर सारखंच वाटतं' असं बहुतेक जण सांगतात, पण वहीत सकाळी १ आणि संध्याकाळी ४ असं दिसतं. पुष्कळांना सकाळ सगळ्यात जड जाते. तुमचा जो तास त्यातल्या त्यात बरा निघेल, नवी गोष्ट तिथे बसवा. पहाटे उठून करायचा हट्ट नको.

दुसऱ्या आठवड्यापासून नवी गोष्ट करण्याआधी अंदाज लिहा, झाल्यावर खरा अंक. म्हणजे असं:

मंगळवार, ५.१०, चित्र, ७ मिनिटं. अंदाज: आनंद १, जमलं १. नंतर: आनंद २, जमलं ४.

आनंद मिळेल की नाही याचा अंदाज नैराश्यात बहुतेकदा खालचा येतो आणि तोच खरा वाटतो. अशा दहा-बारा ओळी जमल्या की तो किती चुकतो हे तुमच्याच अक्षरात समोर येतं. दुसऱ्या कुणी कितीही समजावलं तरी ते काम होत नाही.

हातचं_काम (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)
यादीबद्दल बोलते. आधी चित्र घ्या. घराबाहेर पडावं लागत नाही, दहा मिनिटांच्या आत सुरू होऊन संपतं, हात गुंततात आणि कागदावर काहीतरी उरतं. बासरीत फुंक नीट बसून पहिला स्वच्छ सूर निघेपर्यंतच कित्येक दिवस जातात. ज्याला आधीच 'मला काही जमत नाही' वाटतंय त्याला ही सुरुवात नको. भाषेला स्मरणशक्ती आणि एकाग्रता लागते, आणि नैराश्यात नेमकी तीच दुबळी झालेली असते. वर ॲपमधली सलग दिवसांची साखळी एकदा तुटली की अपराधी वाटतं.

नवीनच का, याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. जुना छंद पुन्हा धरला की 'पूर्वी मी हे किती छान करायचो' ही तुलना लगेच सुरू होते. नव्या गोष्टीला जुनी मोजपट्टी नसते. तुम्ही आधी चांगली चित्रं काढत असाल, तर माझा सल्ला बदलेल: मग मातीकाम किंवा कागदाच्या घड्या घ्या.

चित्र कसं काढायचं ते सांगते. एक कागद, एक २बी पेन्सिल, समोर स्वतःची चप्पल. खोडरबर नको. पेन्सिलीचं टोक कागदावर कुठेही टेकवा. नजर चप्पलेच्या कडेवर एका जागी ठेवा, आणि तिथून एक मुंगी कडेकडेनं चालली आहे असं समजून नजर तिच्या वेगानं न्या. पेन्सिलही त्याच वेगानं चालवा. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. पट्ट्याची शिवण, झिजलेली टाच, अंगठ्यानं पडलेला खळगा, सगळीकडून जायचं. सात मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की थांबा, रंगात आला असाल तरी. चित्र वेडंवाकडंच येणार, कारण कागदाकडे बघितलेलंच नाही. त्यामुळे चांगलं-वाईट ठरवायला जागा उरत नाही, आणि नजर शिवणीवर असेपर्यंत डोक्यातलं विचारांचं दळणही मंदावतं.

वेळ घड्याळावर सोडण्यापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा: 'आंघोळ झाली, टॉवेल वाळत टाकला, की टेबलापाशी बसायचं.' कागद-पेन्सिल आदल्या रात्रीच काढून ठेवा. आणि ठरवताना स्वतःला विचारा, सगळ्यात वाईट दिवशीही हे होईल याची खात्री दहापैकी किती? आठपेक्षा कमी असेल तर काम निम्मं करा. सात मिनिटांची तीन करा. एका वेळी एकच नवी गोष्ट. उत्साहाच्या एका दुपारी चार वर्गांचे तीन-तीन महिन्यांचे पैसे भरून टाकणं ही नेहमीची चूक आहे. पहिली गैरहजेरी झाली की त्या पैशांचंच ओझं होतं.

कोरी_पाटी
दोघांचेही आभार. दोन शंका. आनंद आणि जमलं दोन्ही शून्यच आले तर? आणि पोहणं यादीतून काढून टाकायचं का?

वहीपेन्सिल
'केलंच नाही' आणि 'केलं पण शून्य' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. केलं नसेल तर काम मोठं ठरलं, लहान करा. आळशीपणाचा शिक्का मारू नका. केलं आणि शून्य आलं, तर ते करताना मन कुठे होतं ते एका ओळीत लिहा. हात चालू आणि डोक्यात जुनंच घोकणं चालू असेल तर ती गोष्ट झालीच नाही असं धरा. पुढच्या वेळी मुद्दाम स्पर्श, आवाज, रंग यांतलं एक लक्षात ठेवून सांगायचं असं ठरवा. निदान चार वेळा केल्याशिवाय सोडू नका. चारही वेळा लक्ष देऊन शून्यच आलं, तर ती गोष्ट तुमच्यासाठी नाही. बदला.

एक इशाराही. नवा छंद पळवाटही होऊ शकतो. भरायचं राहिलेलं बिल, न उघडलेलं पत्र टाळण्यासाठी तासन्‌तास चित्रं काढली, तर तेवढ्यापुरतं हलकं वाटतं आणि रात्री मूड आणखी खाली जातो. म्हणून सात मिनिटं चित्राची, तर पाच मिनिटं एका टाळलेल्या कामाची. त्यात आनंद शून्य असेल, पण 'जमलं' बहुतेक वेळा दिवसातलं सगळ्यात मोठं येतं.

हातचं_काम
पोहणं काढू नका, तोडा. 'पोहायला जाणं' म्हणजे वेळ शोधणं, पिशवी भरणं, पोहोचणं, अनोळखी लोकांसमोर कपडे बदलणं, पाण्यात उतरणं, ओल्या केसांनी परत येणं. निरोगी माणसाला हे एक काम वाटतं, नैराश्यात ही सहा कामं असतात. पहिल्या दिवशी फक्त वेळापत्रक कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवा. तिसऱ्या दिवशी तिथे जाऊन दहा मिनिटं नुसतं बसून परत या. प्रत्येक पायरी पूर्ण काम म्हणून वहीत लिहा. शरीर हलतं आणि आजूबाजूला माणसं असतात, त्यामुळे पुढे पोहण्याचा फायदा चित्रापेक्षा जास्त मिळेल, पण ते चौथ्या-पाचव्या आठवड्यात.

घरच्यांना एवढंच सांगा: 'आज केलंस का?' असं विचारू नका. त्याऐवजी ठरलेल्या वेळी शेजारी बसून आपलं काम करत राहा.

दुसरी_पाळी (मानसोपचारतज्ज्ञ)
वरचं सगळं योग्य आहे, थोडी वैद्यकीय भर घालतो. फरक मोजायला दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. दोन-तीन गुण इकडेतिकडे होतच असतात.

पाच आठवडे पुरेशा डोसवर असूनही गुण हललेच नसतील, तर छंदावर खापर न फोडता डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा औषध बदलावं लागू शकतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं नसेल तर विचारा. त्यांच्या कमतरतेचा थकवा कितीही चित्रं काढून जात नाही. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

झोप तीन-चार तासांवर येऊनही ताजंतवानं वाटतंय, एकाच आठवड्यात पाच नवे उद्योग, पैसे सैल सुटलेत, बोलणं थांबत नाही, तर ती प्रगती समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बायपोलर आजारात (यात कधी नैराश्य, तर कधी अतिउत्साह येतो) नैराश्याच्या औषधानं मूड उलट्या टोकाला जाऊ शकतो. आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, डॉक्टरांना सांगा. तसं काही करण्याचा बेत मनात येत असेल तर वही बाजूला ठेवा, घरातल्या एकाला स्पष्ट शब्दांत सांगा, औषधांचा साठा त्यांच्या ताब्यात द्या आणि लगेच तातडीच्या विभागात जा.